तोरणाचे दोन हूक

मामा, काल मी बीबी गावाला जाऊन तुझी दारं पाहून आले.

तू सोमवारी जाणार होतास. त्या सोमवारी आपल्या नांदुऱ्याच्या घरात चूल पेटली नव्हती आणि अंगणात सतरंजीवर माणसं बसली होती. त्यानंतर आणखी दोन सोमवार गेले. तुझ्या पिशवीत टेप, पाना आणि उदबत्तीचा पुडा तसाच होता, शनिवारी तू भरून ठेवलेला. तीच पिशवी घेऊन मी गेले.

तुझ्याबद्दल जे छापायचं असतं ते पेपरात छापून आलं. फोटोत तू टोपी घातली आहेस, जी तू फक्त लग्नांत घालायचास. त्यात तुला उद्योजक म्हटलंय. तू असतास तर पेपर लांब धरून म्हणाला असतास, ‘हा कोण बापा?’ मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला एक गोष्ट सांगायची आहे. ती तुला तोंडावर सांगायला मला चार महिने मिळाले होते. आपण रोज एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसत होतो.

तुझी तेरवी व्हायच्या आदल्या दिवशी बीबीहून प्रल्हादरावांचा फोन आला. त्यांच्या ग्रीनहाऊसची दोन्ही दारं ते काढून टाकणार होते. त्या भागातल्या आणखी तिघांनी, ज्यांनी तुझ्याकडे दारं सांगितली होती, नको म्हणून कळवलं होतं. तिघांचंही एकच म्हणणं, नांदुऱ्याची दारं गळतात. अठरा वर्षं तू दारं बनवलीस. मामी फोन हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मी फोन घेतला. तुला माहीत आहे, मी फोन घेत नाही.

*

तू मला कारखान्यात आणलंस तेव्हा मी दीड वर्षं घरी बसले होते. इंजिनीअरिंग झालं होतं, पण मुलाखतीत माझ्या तोंडून शब्द निघायचे नाहीत. तू शेगावला आलास, आईच्या हातचं जेवलास आणि पानावरून उठता उठता म्हणालास, ‘हिले माह्याकडे पाठव. माह्याकडे दारं हायेत. दारासंग बोला लागत नाई.’

आई म्हणाली, ‘आणि आधी तिला सांग, मामाला अहो-जाहो करत जा म्हणून.’

‘राहू दे वो. थे मले ‘तू’ म्हणते, हेच कितीकदा आयकू येते?’

मग मी सकाळच्या गाडीनं जलंबवरून नांदुऱ्याला येऊ लागले. मला वाटलं होतं इंग्रजी मेल लिहायचे आणि कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायची, बाकी काही नाही. तू मला पहिल्याच आठवड्यात दारापाशी उभं केलंस. हाताच्या पंजाएवढी जाड, दोन पत्र्यांच्या मधे फोम भरलेली, रुळावर सरकणारी दारं. आधी तू ती शीतगृहांना करायचास. मग आपल्या जिल्ह्यात ग्रीनहाऊसं उभी राहिली, बियाण्याची मिरची, टोमॅटो, काकडी. त्यातली काही पक्की, बंद, आत हवा थंड ठेवणारी. बाहेर चव्वेचाळीस असताना आत अठ्ठावीस. तू म्हणायचास, ‘पंखे, ओले पॅड सगळ्याइचे सारखेच असतात. घर फसते दारापाशी.’ पंखे आतली हवा बाहेर फेकतात, त्यामुळे दाराला केसाएवढी फट असली तरी बाहेरची झळ त्यातून आत ओढली जाते. झळेबरोबर पांढरी माशी.

फट शोधायची तुझी पद्धत मी कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती. दार लावायचं, पंखे सुरू करायचे, आणि पेटलेली उदबत्ती दाराच्या कडेकडेनं सावकाश फिरवायची.

‘काय दिसून राह्यलं?’ तू मला विचारलंस.

‘धूर.’

‘धूर त मलेबी दिसते. चालला कुठं?’

‘कुठेच नाही. सरळ वर.’

‘मंग दार बरोबर हाये. आत ओढल्या गेला त समज, आपण गिऱ्हाइकाले खोटं बोललो.’

शकीलभाई रुळाला ग्रीस लावत होते. तुझ्याबरोबर पहिल्या दारापासूनचे फिटर. ते म्हणाले, ‘उस्तादची पूजा चालू हाये का चाचणी, गिऱ्हाइकाले कधी समजत नाई. नारळ घेऊन उभे राह्यतात बिचारे.’

मी हसले. तू शकीलभाईंकडे बघून भुवया उडवल्यास, जणू माझ्या हसण्यावर तुमची पैज लागली होती.

हुकांचं तू मला नंतर सांगितलंस. मी पहिलं ड्रॉइंग काढलं, तू ते हातात घेतलंस आणि म्हणालास, ‘सगळं बरोबर हाये. हूक कुठं हायेत?’

‘कसले हूक?’

‘दार बसवलं का माणूस पहिले काय करते?’

‘उघडून बघतो.’

‘नाई. तोरण बांधते.’

मग तू मला केळी पिकवायच्या त्या खोलीची गोष्ट सांगितलीस. तुझं तिसरं का चौथं काम. नवीन दाराच्या चौकटीत मालकानं तोरणासाठी खिळा ठोकला, तो पत्र्यातून फोममध्ये गेला, पावसाळ्यात पाणी शिरलं आणि पॅनेल फुगलं. तू तिथं जाऊन मालकाला वाट्टेल ते बोललास. त्याची म्हातारी आई ओसरीवर शेंगा सोलत होती. ती मान वर न करता म्हणाली, ‘मंग बांधू कुठं? थे त सांग.’

‘म्हातारीचं खरं होतं,’ तू म्हणालास. ‘आपण जागा नाई देली त थे आपली जागा शोधतीन. त्याइची काय चूक?’

तेव्हापासून तुझ्या प्रत्येक दाराला, रुळावरच्या पत्र्याच्या झाकणावर, फट बंद करणाऱ्या रबरापासून टीचभर पुढे, दोन हूक असायचे. डावीकडे एक, उजवीकडे एक. मी ते ड्रॉइंगमध्ये काढू लागले. बाणाशेजारी इंग्रजीत लिहायचे, तोरण हूक, दोन नग. आपल्या भागातल्या कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

*

प्रल्हादरावांच्या कामाला पुण्याचे एक सल्लागार होते. तंबाखूच्या डबीएवढ्या तपशिलावरही त्यांची सही लागायची. पहिल्यांदा त्यांच्याशी व्हिडिओवर बोलणं झालं तेव्हा तू माझ्या शेजारी बसला होतास, धुतलेला शर्ट घालून. तू त्यांना समजावून सांगत होतास, ‘थे दार असं खाली बसते साहेब, आपोआप. रुळाले खाच हाये.’ ते ऐकत होते. मग त्यांनी खाली बघितलं आणि हसले. थोडंसंच. शेजारी बसलेल्या कोणाकडे तरी बघून. कॅमेऱ्यात तो दुसरा माणूस दिसत नव्हता.

तुला ते दिसलं की नाही मला माहीत नाही. तू बोलत राहिलास. मला दिसलं. मी इंग्रजी शाळेत बारा वर्षं हेच बघत आले, कोण कधी खाली बघून हसतं ते. वर्गात एका मुलीनं ‘मले’ म्हटलं आणि सगळे असेच हसले होते. त्या दिवसापासून मी शाळेत कमी बोलू लागले. ती मुलगी मीच होते. हे मी आईलाही सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर मी त्यांना ड्रॉइंग पाठवायला घेतलं. तू बाहेर टेम्पोत पॅनेल चढवून घेत होतास, तुझा आवाज येत होता. मी ते हूक पाहिले. बाणाशेजारचे शब्द पाहिले. त्या माणसाची नजर त्या शब्दांवर येईल आणि तो परत खाली बघेल, असं मला वाटलं. मी दोन्ही हूक निवडले आणि पुसून टाकले. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक चौकट असते, बदल काय केला आणि का केला ते लिहायला. बदलात मी ‘हूक काढले’ असं लिहिलं. कारणाची जागा रिकामी ठेवली आणि पाठवून दिलं.

तुला बोलले नाही.

जानेवारीत तू आणि शकीलभाई बीबीला जाऊन दारं बसवून आलात. मी विचारलं, ‘कसं झालं?’ तू म्हणालास, ‘बसलं. मस्त बसलं.’ आणि जरा वेळ टेबलाच्या माझ्या बाजूला येऊन उभा राहिलास. काही बोलायचं असल्यासारखा. मला वाटलं, चहा हवा असेल. मी उठून चहा सांगून आले, तोवर तू निघून गेला होतास.

*

एप्रिलमध्ये तक्रार आली. फोन तू नेहमीसारखा स्पीकरवर ठेवला होतास.

‘दारापासल्या चार ओळी गेल्या बघा,’ प्रल्हादराव म्हणत होते. ‘मिरचीची रोपं. पानं सगळी चुरडली. माशी कुठून येतीया काही समजंना. अन् दारापाशी उभं राहिलं की तोंडावर झळ लागती.’

‘रबर पाह्यलं का तुम्ही?’

‘ते मी काय पाहू? ते तुमचं काम. पुण्याचे साहेब म्हणायलेत, रबरच हलकं आहे.’

तू फोन ठेवलास. तो शुक्रवार होता. कारखान्यात कूलरचा आवाज होता. मी म्हणाले, ‘मागच्या खेपेला तू रबर बदललंस ना. अकोल्याच्या त्या माणसाकडून घेतलंस.’

‘बदललं. चांगलं होतं म्हणून बदललं.’

‘स्वस्त होतं म्हणून.’

तू माझ्याकडे पाहिलंस. शकीलभाईंच्या हातातला पाना थांबला. माझ्या तोंडून इतकं सलग, इतक्या मोठ्यानं, कोणी कधी ऐकलं नव्हतं. आणि मी थांबले नाही. मी म्हणाले, सगळे म्हणतात तेच खरं असेल, लोकल सामान वापरलं की असंच होणार. लोकल हा शब्द मी ज्या स्वरात म्हणाले तो स्वर मी कुठून आणला हे मला माहीत आहे. तुलाही कळलं असणार.

तू म्हणालास, ‘माह्यं रबर तुटत नाई.’ मग, ‘सोमवारी जाऊन पाह्यतो. तू येशीन?’

‘मला मेल लिहायचेत.’

‘बरं.’

मामा, तेव्हा मला हूक आठवले होते का? आठवले होते. प्रल्हादराव ‘झळ’ म्हणाले त्याच क्षणी आठवले होते. तिथं तोरण कशावर अडकवलं असेल, हा प्रश्न माझ्या मनात आला आणि मी तो बाजूला सारला. म्हणूनच मी रबरावर गेले. दोष दुसरीकडे कुठेतरी असायला हवा होता आणि सगळ्यात जवळ तू होतास.

रविवारी सकाळी मामीचा फोन आईला आला. तुझा चहा टेबलावर होता आणि तू खुर्चीत होतास, एवढंच मामी सांगू शकली. डॉक्टर म्हणाले, हृदय. सगळे म्हणतात, त्रास झाला नाही, बरं झालं. मला त्या ‘बरं’मध्ये तुझं शुक्रवारचं ‘बरं’ ऐकू येतं.

*

प्रल्हादराव फोनवर वाईट बोलले नाहीत. ‘पोरी, मी तेरवीपर्यंत थांबणार होतो,’ ते म्हणाले. ‘पण ऊन थांबत नाही. पुण्याचे साहेब येणारेत, नवीन दारांची मापं घ्यायला. तुम्हाला काय बघायचं असंल तर त्याच्याआधी या.’

खामगाव, मेहकर, सुलतानपूर. शकीलभाई गाडी चालवत होते आणि मी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी दोनदा पाणी दिलं. एकदा म्हणाले, ‘बाई, तुम्ही फक्त पाहा. बोलायचं मी पाह्यतो.’ मी हो म्हणाले. मलाही तेच हवं होतं.

सल्लागार आधीच आले होते. प्रत्यक्षात ते साधे गृहस्थ निघाले, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. बाहेरच्या दारापाशी ते, प्रल्हादराव आणि तिथं काम करणाऱ्या दोन बायका उभ्या होत्या. दाराकडे हात करून ते म्हणाले, ‘अहो, रबराचं गॅस्केट बघूनच कळतं. फोटोतही कळत होतं. आपल्याकडे फॅब्रिकेटर मंडळी इथंच काटकसर करतात.’

शकीलभाईंनी तोंड उघडलं तोवर मी पिशवीतून उदबत्तीचा पुडा काढला होता. दोन काड्या विझल्या, तिसरी पेटली.

‘पूजा आधी करायची असेल तर करून घ्या, आम्ही थांबतो,’ सल्लागार म्हणाले. त्यात टोमणा नसावा. पण एक बाई फिस्सकन हसली.

मी दार लावलं. ते खाचेत बसल्याचा आवाज आला, तोच तुझ्या दारांचा जड, मऊ आवाज. पंखे सुरू होते. मी खालून सुरुवात केली. खालची कड, धूर सरळ वर. उजवी कड, सरळ वर. डावी कड, सरळ. मग शकीलभाईंनी स्टूल आणून ठेवलं. मी वर चढले आणि डाव्या कोपऱ्याशी उदबत्ती नेली.

धूर वाकला. सरळ आडवा झाला आणि दाराच्या आत गेला.

मी वाकून पाहिलं. चौकटीत, बरोबर जिथं रबर टेकतं तिथं, खिळ्याचं डोकं वर आलेलं होतं. त्याला सुतळीचा तुकडा आणि आंब्याचं एक वाळलेलं पान. दार सरकलं की रबर खिळ्यावरून घासत जायचं. जानेवारीपासून दिवसातून कितीतरी वेळा. रबर वीतभर चिरलं गेलं होतं. उजव्या कोपऱ्यात दुसरा खिळा होता. आतल्या दारालाही तसेच दोन.

मी खाली उतरले. शकीलभाई वर चढून पाहून आले आणि मग सल्लागार चढले. उतरून ते प्रल्हादरावांना म्हणाले, ‘म्हणजे साइटवर खिळे मारलेत. मग दार करणाऱ्याचा दोष नाहीच. हा सरळ वापरणाऱ्याचा दोष.’

प्रल्हादरावांचा चेहरा उतरला. त्या दोन बायका जमिनीकडे बघू लागल्या. ‘मीच मारले,’ ते म्हणाले. ‘उद्घाटनाच्या दिवशी. तोरण बांधायला. कोणी सांगितलं नव्हतं की मारू नका म्हणून.’

‘अहो, सांगायला कशाला पाहिजे?’

शकीलभाई माझ्या कानाशी म्हणाले, ‘चला बाई. झालं.’

झालंच होतं. तुझं नाव मोकळं झालं होतं. नवीन दारं येणार नव्हती. मला एक शब्द बोलायची गरज नव्हती, आणि जे मी केलं ते कोणालाच कधी कळलं नसतं. मी पिशवीची चेन लावलीसुद्धा. प्रल्हादराव त्या वाळलेल्या पानाकडे बघत उभे होते. तुझ्याएवढा माणूस, आपल्याच माणसांसमोर. आणि मला ती शेंगा सोलणारी म्हातारी आठवली, जिला मी कधी पाहिलेलं नाही.

‘त्यांची चूक नाही,’ मी म्हणाले.

आवाज इतका बारीक निघाला की सल्लागारांनी ‘काय?’ असं विचारलं. मला ते परत म्हणावं लागलं.

‘यांची चूक नाही. मामाच्या प्रत्येक दाराला तोरणासाठी हूक असतात. वर, झाकणावर, रबरापासून लांब. हूक असते तर यांनी खिळे मारले नसते.’

‘मग या दाराला कुठं गेले?’ प्रल्हादरावांनी विचारलं.

‘मी काढले. ड्रॉइंग माझं आहे.’

‘का बरं?’

मी सल्लागारांकडे पाहिलं. ‘ड्रॉइंग साहेबांना पाठवायचं होतं. ते हसतील असं मला वाटलं.’

सल्लागारांनी चष्मा काढला आणि तो पुसू लागले. बराच वेळ पुसत होते. ‘मी का हसलो असतो?’ ते हळूच म्हणाले, पण ते मला विचारत नव्हते.

प्रल्हादराव म्हणाले, ‘अन् तुमच्या मामांनी बघितलं नाही व्हय? इतक्या वर्षांचा माणूस.’

‘त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं.’

‘माहीत होतं,’ शकीलभाई म्हणाले.

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी हत्यारांची पेटी उघडली होती आणि तिच्या तळाशी हात घालून काहीतरी शोधत होते.

‘इथंच, याच जागेवर,’ ते म्हणाले. ‘म्या उस्तादले इचारलं, हूक लावू का? त्याइनं ड्रॉइंग मांगितलं. लय वेळ पाह्यलं. म्या म्हटलं, पोरगी विसरली असीन, लावून टाकतो. त म्हणे, नाई. विसरणारी नाई थे. कोपऱ्यात लिहून हाये, काढले म्हणून. तिचा काई हिशोब असीन. ड्रॉइंग तिचं हाये, तसंच बसव.’

त्यांचा हात वर आला. तळहातावर चार हूक होते, कागदात गुंडाळलेले. ‘तवापासून पेटीतच हायेत.’

*

प्रल्हादरावांनी सल्लागारांना मापं घ्यायचं राहू द्या म्हणून सांगितलं. शकीलभाईंनी खिळे उपटले, भोकं भरली, गाडीतून आणलेलं नवीन रबर चढवलं. झाकणावर हूक लावताना सल्लागारांनी स्टूल धरलं. मी परत उदबत्ती फिरवली. धूर चारही कडांनी सरळ वर गेला. आतल्या चार ओळी मात्र गेल्याच. त्या बायकांनी चुरडलेली रोपं उपटून एका कोपऱ्यात रचली होती, आणि जाताना मला त्या ढिगाजवळून जावं लागलं.

निघताना प्रल्हादराव म्हणाले, ‘त्या तिघांशी मी बोलतो. ऐकतील का नाही ते मी सांगू शकत नाही. गेलेला शब्द लवकर परत येत नसतो, पोरी.’ मी मान हलवली. मला ते त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

परतीच्या वाटेवर मेहकर मागे पडलं. मग मी शकीलभाईंना विचारलं, ‘तक्रार आली तेव्हा त्याला कळलं असेल का, हुकांमुळे झालंय ते?’

‘उस्तादले?’ त्यांनी रस्त्यावरून नजर काढली नाही. ‘कळलं असीन. शुक्रवारीच कळलं असीन.’

‘मग मी रबराचं म्हणाले तेव्हा बोलला का नाही?’

‘थे मले काय माहीत, बाई? तुम्ही मोठ्यानं बोलून राह्यल्या होत्या. थे आयकत होते.’

मामा, एवढंच मला समजत नाही आणि आता कोणाला विचारताही येत नाही. जानेवारीत टेबलाच्या माझ्या बाजूला उभा राहिलास तेव्हा तू हुकांचं विचारणार होतास का? शुक्रवारी ‘तू येशीन?’ म्हणालास ते मला तिथं नेऊन, स्टुलावर चढवून, माझं मलाच बघू द्यायचं म्हणून का? की खरंच तुला कळलं नव्हतं आणि तू फक्त सोबत मागत होतास? मी मेलचं कारण सांगितलं. त्या दिवशी मला एकही मेल लिहायचा नव्हता.

आणि तुला वाटलं, माझा काही हिशोब असेल. अठरा वर्षांची सवय तू माझ्या एका रेघेवर सोडून दिलीस. माझा काही हिशोब नव्हता, मामा. मला तुझ्या बोलण्याची लाज वाटली होती. तुझ्या शब्दांची, तुझ्या हुकांची, धुतलेल्या शर्टाची. हे वाक्य लिहायला मी सकाळपासून बसले आहे.

आज कारखाना उघडला. शकीलभाईंनी तुझी खुर्ची पुसली आणि तिथंच ठेवली. मी बीबीचं ड्रॉइंग परत उघडलं आणि हूक त्यांच्या जागी पुन्हा रेखाटले. बाणाशेजारी या वेळी मराठीत लिहिलं. कोपऱ्यातल्या चौकटीत कारणाच्या जागी लिहिलं, ‘मामाच्या पद्धतीप्रमाणे’, आणि सल्लागारांना पाठवून दिलं.

बीबीहून मी काढलेल्या रबराचा एक तुकडा आणला आहे. तो टेबलावर तुझ्या बाजूला आहे. चिरलेला भाग कापून मी उरलेलं ओढून पाहिलं, दुमडून पाहिलं, नखानं दाबून पाहिलं, तू दाबायचास तसं. चार महिन्यांच्या उन्हानंतरही ते मऊ आहे. सोडलं की परत आपल्या जागी येतं.

रबर चांगलं होतं.